आठच्या ठोक्याला उडणारा फ्यूज

"माझी विटी कुणी घेतली ते आधी सांगा, मग डाव मांडा!" सावळ्यानं दांडू जमिनीवर आपटला.

"तुझी विटी काय सोन्याची होती?" झुंबर म्हणाली. "घे एखादं लाकूड आणि तास दुसरी."

"खैराची होती! आबांनी स्वतः तासून दिली होती. तशी विटी पंचक्रोशीत नाही!"

"मी नाही घेतली," धोंडू घाईघाईनं म्हणाला. हा झुंबरचा धाकटा भाऊ, वय वर्षं आठ. गावात काही हरवलं की लोक आधी त्याच्याकडे बघत, म्हणून कुणी विचारायच्या आतच नाकबूल करून टाकायची त्याला सवय लागली होती.

एकोणीसशे एक्याऐंशीचा मे महिना होता. वणी-कळवण रस्त्यावरच्या बोरदरा गावात शाळेला कुलूप लागलं होतं आणि शाळेच्या ओट्यावर चौघांचं राज्य सुरू झालं होतं. आठवीत गेलेली झुंबर, तिच्याच वर्गातला सावळीराम ऊर्फ सावळ्या, धोंडू आणि नाशिकहून, थेट गंगापूर रोडवरून, सुट्टीला आलेली झुंबरची चुलत बहीण यशोदा. यशोदाला सगळे यशू म्हणत. तिच्या मनगटावर नवं घड्याळ होतं आणि ते ती दर पाच मिनिटांनी, कुणी न विचारता, वाचून दाखवत असे.

"आठ वाजले," ती म्हणाली. "बरोब्बर आठ!"

फट्!

आवाज शाळेमागच्या टेकाडावरून आला. समोरच्याच घराच्या दारात झुंबरचे दादा, म्हणजे तिचे वडील, गावचे वायरमन निवृत्ती, चहाची बशी तोंडाला लावणार होते. त्यांनी बशी खाली ठेवली, खुंटीवरची पान्या-पकडीची पिशवी खांद्याला अडकवली आणि सायकल काढली.

"आजपण!" झुंबरची आई विमलाबाई म्हणाली. "महिना झाला, या माणसाच्या नशिबात गरम चहा नाय!"

तेवढ्यात शिवाराच्या वाटेवरून आरोळी आलीच. "निवृत्तीऽऽ! फ्यूज गेला रंऽऽ!"

"चला!" झुंबर म्हणाली आणि चौघं सायकलच्या मागं पळाली.

टेकाडावर दोन खांबांच्या मध्ये विजेची ती मोठी पेटी बसवलेली होती. तिला लहानथोर सगळे डीपी म्हणत. शिवारातल्या चौदा विहिरींवरच्या चौदा मोटारींना वीज मिळे ती याच डीपीतून. मुलं पोचली तेव्हा तिथं दहा-बारा माणसं जमली होती आणि प्रत्येकाला रागवायला एकच माणूस सापडला होता.

"माझी मिरची माना टाकाया लागली, निवृत्ती!" भागुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "दोन-दोन तास पाणी नाय. पिकानं काय तुझी वाट बघत बसायचं?"

"जाड तार टाक ना फ्यूजला!" चिमाजी आबा गरजले. आबा म्हणजे सावळ्याचे आजोबा आणि वीजसंस्थेचे चेअरमन. त्यांचा साधा आवाजसुद्धा दोन शेतं ओलांडून जाई. "कळवणच्या वायरमननं सांगितलं मला, जाड तार टाकली की फ्यूज उडायचं नाव घेत नाय!"

"फ्यूज नाही उडणार, आबा," निवृत्ती खांबावरून शांतपणे म्हणाले. "पण मग डीपी जळंल. डीपी जळाली तर दुसरी यायला दोन महिने. तोवर मिरचीला कुठून पाणी घालायचं?"

"मग उडतो कशानं ते तरी सांग!"

निवृत्तींनी पिशवीतून नवी तार काढली. तेच तर त्यांना कळत नव्हतं. त्यांनी फ्यूजच्या तारा बदलल्या, मग सायकल विहिरीविहिरीनं फिरवली आणि चौदाही मोटारी तपासल्या. सगळ्या ठणठणीत. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी (वेळ यशूनं जाहीर केली) त्यांनी वीज सोडली. लोकांनी आपापल्या मोटारी लावल्या, पाटांत पाणी खळखळायला लागलं आणि दुपारी दोनला वीज जाईपर्यंत फ्यूजनं हूं की चूं केलं नाही.

"बघा! निवृत्ती आला की टिकतो. निवृत्ती गेला की उडतो," आबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "रविवारी गावातल्या सभासदांची सभा घेतो. दुसरा वायरमन बघायचा का नाय, ते सभेतच ठरू द्या."

झुंबरनं सावळ्याकडे बघितलं. सावळ्यानं मान खाली घातली.

* * *

"पण मला एक कळत नाही," परत येताना यशू म्हणाली. "आमच्याकडे दिवे गेले की बाबा ऑफिसात जाऊन तक्रार लिहून देतात. इथे सगळे काकांवर ओरडतात. विजेचा मालक आहे तरी कोण इथे?"

"सगळेच," झुंबर म्हणाली.

"सगळे कसे मालक असतील?"

"आहेत ना! माझ्या लहानपणी गावात वीजच नव्हती. आडबाजूचं गाव, एवढ्या लांब तारा कोण ओढणार? मग पाच गावांनी मिळून संस्था काढली. लोकांनी बैलगाड्यांतून खांब आणले, खड्डे स्वतः खणले. मोठी लाइन असते ना, तिच्यावरून संस्था वीज घेते आणि घरोघर देते. ज्याच्या शेतात खांब, त्यानं तो राखायचा, वेल चढू द्यायचा नाही. आणि सभासद झाला की त्याला एक मत."

"आबांच्या घरात मोटार, पंखा, आठ दिवे," सावळ्या म्हणाला. "त्यांना एकच मत. विमलकाकूंच्या घरात एक दिवा. त्यांनाही एकच."

"आणि ते आईच्या नावावर आहे," झुंबर म्हणाली. "दादा संस्थेचे नोकर ना, म्हणून त्यांना सभासद होता येत नाही."

"म्हणजे रविवारी काकांना काढायचं की ठेवायचं, त्यावर हात वर करणार?"

झुंबरनं मान डोलावली. दादांची नोकरी गेली तर संस्थेची खोली जाईल. खोली गेली तर गाव सुटेल, शाळा सुटेल आणि हा ओटासुद्धा. दादा रात्रंदिवस राबतात, भर पावसात खांबावर चढतात आणि लोक म्हणतात, बदला याला! तिला इतका राग आला की तिनं वाटेतला दगड लाथेनं उडवला. दगड मोठा निघाला. ती लंगडत ओट्यावर येऊन बसली.

"रडू नकोस, ताई," धोंडू म्हणाला.

"कोण रडतंय? अंगठा दुखतोय!"

"मग विचार करा," यशू म्हणाली. "फ्यूज कितीला उडतो?"

"आठला."

"रोज?"

"रोज. महिन्यापूर्वी वीज संध्याकाळी यायची, तेव्हा कधी उडाला नाही. पाळी बदलली आणि सकाळी आठला यायला लागली, तेव्हापासून." झुंबर मध्येच थांबली. "पण थांब! सोमवारी दुपारी वीज दोनदा गेली आणि दोनदा आली. तेव्हा कुठं उडाला?"

धोंडूनं डोकं खाजवलं.

"म्हणजे वीज आली की उडतो असं नाही," यशू सावकाश म्हणाली. "सकाळी आली की उडतो. आठ वाजता शिवारात असतं कोण?"

"कुणीच नाही!" सावळ्या म्हणाला. "धारा काढून दूध घालायची वेळ ती. माणसं मोटार लावायला जातात सव्वाआठ-साडेआठला."

"मग उद्या आठला आपण असू," झुंबर म्हणाली. "चौघं चार विहिरींवर. पण दोन गोष्टी पाळायच्या. आपल्या घरच्या विहिरीवर कुणी जायचं नाही. आणि पेटीला हात लावायचा नाही. दादांचा नियम आहे, विजेच्या वस्तूकडे बघायचं तर हात पाठीमागं बांधून!"

"इन्स्पेक्टरसारखं!" धोंडूनं लगेच हात मागं बांधले आणि पोट पुढं काढून एक चक्कर मारली.

* * *

दुसऱ्या दिवशी पावणेआठला झुंबर भागुबाईच्या विहिरीशेजारच्या रामफळाआड बसली होती. विहिरीच्या काठावर खांब, खांबाला मोटार लावायची पत्र्याची पेटी. पेटीचं दार अर्धवट लोटलेलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. ऊन तापायला लागलं होतं आणि मिरचीची रोपं खरोखरच मलूल दिसत होती. भागुबाईचा रागही काही खोटा नव्हता, हे झुंबरला मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

आणि एकाएकी मोटार घुमली!

कुणी आलं नव्हतं. कुणी बटण दाबलं नव्हतं. घूंऽऽ असा आवाज, पाइपाला हिसका, तोंडातून पाण्याची एक गुळणी, आणि लांबून फट्! मोटार पुन्हा मेल्यासारखी गप्प झाली.

झुंबरनं रामफळाआडून डोकं बाहेर काढलं. ती उठणार तोच फट् ऐकून बांधावरून भागुबाई लगबगीनं येताना दिसली. पाइपाचं पाणी बंद दिसताच ती चटकन थांबली, इकडंतिकडं बघितलं, पेटीचं दार उघडून आत हात घातला, लाकडासारखं काहीतरी उपसून काढलं, ते कनवटीला खोचलं आणि मग तोंड वर करून ओरडली, "निवृत्तीऽऽ! फ्यूज गेला रंऽऽ!"

अर्ध्या तासानं ओट्यावर सगळे जमले तेव्हा धोंडूचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्या विहिरीवर भूत आहे! आपोआप मोटार लावली त्यानं!"

"माझ्यापण!" सावळ्या म्हणाला.

"माझ्याही," यशू म्हणाली. "आठला शून्य सेकंद. चार विहिरी आणि चार भुतं? सगळ्यांकडे घड्याळं आहेत वाटतं!"

"भूत नाही, पाचर!" झुंबर टुणकन उठली. "लाकडाची पाचर! भागुबाईनं पेटीतून उपसून कनवटीला खोचली, मी बघितलं. ऐका. मोटारीच्या पेटीत हिरवं बटण असतं. वीज गेली की ते सुटतं. परत वीज आली की माणसानं जाऊन ते दाबायला हवं. पण बटणावर पाचर ठोकून ठेवली तर?"

"तर ते दाबलेलंच राहील," यशू म्हणाली. "वीज आली की मोटार आपोआप सुरू. शेतात यायलाच नको!"

"आणि मोटार सुरू होताना हिसका मारते. जागची गाडी हलवायला बैलाला कसा जोर लागतो, मग चालू लागली की तेवढा लागत नाही. एका मोटारीचा हिसका डीपी सोसते. पण सगळ्यांनी एकदम मारला तर..."

"फट्!" धोंडू म्हणाला. भूत नसल्याचं कळताच त्याचा रंग परतला होता.

"आणि फ्यूज गेला की काका तपासायला येणार म्हणून प्रत्येक जण आधी पाचर काढून लपवतो," यशू म्हणाली. "मग वीज आली की हातानं मोटार लावतो. कुणी आधी, कुणी नंतर. म्हणून टिकतो फ्यूज! सोमवारी दुपारी पाचरी खिशात होत्या, म्हणून टिकला!"

शुक्रवारी सकाळी आठच्या आत चौघांनी चौदाही विहिरी बघितल्या, हात पाठीमागं बांधून. चौदाही पेट्यांत पाचर होती. कुणाची बाभळीची, कुणाची तुटक्या फणीची, एकाची तर चमच्याच्या दांड्याची.

आबांची विहीर झुंबरच्या वाट्याला आली होती. पेटीत डोकावल्यावर ती जागच्या जागी थिजली. हिरव्या बटणावर सुतळीनं करकचून बांधलेलं लाकूड दोन्ही टोकांना निमुळतं होतं. खैराचं, तांबूस, गुळगुळीत. सावळ्याची विटी!

"काय होतं गं आमच्या पेटीत?" सावळ्यानं परत आल्यावर विचारलं.

"लाकूड," झुंबर म्हणाली आणि विषय बदलला. आबांवर तिचा राग होताच. पण सावळ्यानं या कामात स्वतःच्या घराचीसुद्धा गय केली नव्हती आणि त्याचं तोंड पडलेलं बघायची तिची इच्छा नव्हती.

"आता काकांना सांगू," यशू म्हणाली.

"सांगून काय होईल? दादांची सायकल आठच्या आधी शिवारात दिसली की गावात बोंब होईल आणि ते पोचतील तोवर पाचरी खिशात गेलेल्या असतील. मग म्हणतील, बापाला वाचवायला पोरगी गोष्टी रचते." झुंबर नख चावत बसली. "लोकांनी आपण होऊन पाचरी काढायला हव्यात. वीज यायच्या आधी. म्हणजे फ्यूज टिकेल आणि सगळ्यांना दिसेल."

"आपण होऊन कोण काढणार?"

"कुणीतरी तपासायला येणार असं कळलं तर काढतील. चोराच्या मनात चांदणं!"

यशूचे डोळे चमकले. "माझे बाबा रविवारी मला न्यायला येणार आहेत. शिक्षण खात्यात कारकून आहेत. आल्या आल्या त्यांना मोटारी दाखवायला नेऊ. मग खोटं काही सांगावं लागणार नाही. नाशिकच्या ऑफिसातला माणूस येणार आहे आणि तो मोटारी बघणार आहे!"

"पण गावभर सांगायचं कसं?" सावळ्यानं विचारलं.

"गावभर कशाला?" झुंबर हसली. "एकट्या चिमणाबाईला सांगायचं. आणि शपथ घालायची की कुणाला सांगू नका!"

चिमणाबाई पिठाची गिरणी चालवी. गिरणीच्या आवाजात बोलून बोलून तिचा आवाज चढलेलाच असे, त्यामुळे तिनं कुजबुजत सांगितलेलंही चावडीपर्यंत जाई. झुंबरनं बाजरीचा डबा नेला, पीठ पडेपर्यंत ती गोष्ट कानात घातली आणि शपथ घालून परत आली.

शुक्रवारी संध्याकाळी विमलाबाईनं पाणवठ्यावर ऐकलं की नाशिकचे साहेब मोटारी तपासायला येणार. शनिवारी सकाळी साहेब दोन झाले. दुपारी त्यांना जीप मिळाली. शनिवारी संध्याकाळी धोंडू धापा टाकत आला.

"ताई! मुंबईहून तीन जिपा येणारेत! ज्याच्या पेटीत काही सापडंल त्याची मोटार उचलून नेणार!"

"राईचा पर्वत झाला की!" यशू पोट धरून हसली. झुंबरला हसू आलं, पण पूर्ण आलं नाही. रविवार उद्यावर आला होता.

* * *

रविवारी पावणेआठला बोरदऱ्याच्या शिवारात जत्रा भरल्यासारखी माणसं होती. दूध घालणं बायकापोरांवर टाकून प्रत्येक गडी आपापल्या विहिरीवर हजर. भागुबाई तर नवं लुगडं नेसून आली होती. प्रत्येकानं हळूच पेटी उघडली, हळूच पाचर काढली आणि खिशात, कनवटीत नाहीतर टोपीत दडवून शेजारच्या विहिरीकडे बघत तो साळसूद चेहऱ्यानं उभा राहिला.

टेकाडावर मुलं बसली होती. यशूचं मनगट मध्ये आणि चार डोकी त्यावर.

"सात एकोणसाठ... आठ!"

वीज आली. झुंबरनं डोळे गच्च मिटले. एक मोटार घुमली. मग दुसरी. मग पलीकडची. फट् झालंच नाही!

"टिकला!" सावळ्या ओरडला. "फ्यूज टिकला!"

साडेआठच्या एसटीनं एक किडकिडीत गृहस्थ उतरले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चिवड्याची पुडी. यशूनं त्यांना तसंच शिवारात नेलं. त्यांनी प्रत्येक मोटारीपुढं थांबून "वा, छान!" म्हटलं, कारण मोटारीतलं त्यांना त्यापलीकडं काही कळत नव्हतं. गाव मात्र दबक्या पावलांनी मागं चालत होतं आणि जिपा कुठं राहिल्या हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

दहा वाजता शाळेच्या ओट्यासमोरच्या लिंबाखाली सभा भरली. एका बाजूला दादा हात जोडून उभे होते. ते तसे उभे असलेले झुंबरला बिलकूल आवडले नाहीत.

"विषय एकच," आबांनी सुरुवात केली. "महिनाभर रोज फ्यूज उडतोय. वायरमन बदलायचा का, यावर सभासदांनी हात वर करून..."

"थांबा, आबा." विमलाबाई उभी राहिली. सभेत ती आजवर एकदाही बोलली नव्हती. तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. "मी सभासद हाय. एका दिव्याची हाय, पण हाय. मला बोलायचा हक्क हाय का नाय?"

"हाय की!" भागुबाई म्हणाली.

"मग माझ्या वाट्याचं माझी पोरगी बोलंल."

कुजबुज झाली. आबांनी मिशीवरून हात फिरवला. "बोल, पोरी."

झुंबर ओट्यावर चढली. रोज बसायची ती जागा, पण आज तिथं उभं राहायचं होतं. समोर चौदा मोटारींचे चौदा मालक होते आणि प्रत्येकाच्या खिशात काय आहे ते तिला ठाऊक होतं. एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांसमोर झाडावं असं तिला क्षणभर फार वाटलं. मग समोर बसलेला सावळ्या दिसला.

"आज फ्यूज उडाला का?" तिनं विचारलं.

"नाय," दोन-चार जण म्हणाले.

"आज दादांनी तार बदलली नाही. डीपीला हात लावला नाही. मग आज वेगळं काय झालं?"

भागुबाईनं कनवट चाचपली.

"मी कुणाचं नाव घेणार नाही. फक्त एक ठराव मांडते. आपल्या सभेत हात वर करून मत द्यायची रीत आहे, तसंच द्या." झुंबरनं सभेवरून नजर फिरवली. "ज्या मोटारवाल्यांनी काल रात्रीपर्यंत पेटीतल्या हिरव्या बटणावर पाचर ठोकलेली नव्हती, त्यांनी हात वर करावा!"

 लिंबावरचा कावळा तेवढा ओरडला.

एकही हात वर गेला नाही. भागुबाईनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. तिनं आ वासला. तिच्या शेजारचा तिच्याकडं बघत होता, त्याच्या शेजारचा त्याच्याकडं. महिनाभर प्रत्येकाला वाटत होतं की एवढी एकच पाचर आहे आणि ती आपली आहे. एका मोटारीनं काय होतंय? आणि ते एकेक असे चौदा होते.

"अगं बया!" भागुबाई अखेर म्हणाली. "तुम्हीपण? समद्यांनीच?"

"एकच मोटार आपोआप लागली असती तर काही झालं नसतं," झुंबर म्हणाली. "चौदा एकदम लागल्या, म्हणून फ्यूज उडाला. दादांनी जाड तार टाकली असती तर डीपीच जळाली असती. त्यांनी शिव्या खाल्ल्या, पण डीपी वाचवली. ती डीपी माझ्या दादांची नाही. तुमची आहे!"

एवढं बोलून तिचा दम संपला. ती मटकन खाली बसली आणि काही केल्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. या वेळी अंगठाही दुखत नव्हता.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि तांबूस लाकडाचा एक निमुळता तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"माझी विटी!" सावळ्या किंचाळला. "आबा! माझी विटी तुम्ही घेतली?"

हास्याचा जो स्फोट झाला तो वणीपर्यंत ऐकू गेला असेल. आबाही हसले, पण डोळे पुसत उभे राहिले. "चेअरमन मीच आणि चोरही मीच! निवृत्ती, चुकलो बाबा. पोरीनं माझं नाव घेतलं असतं तर मला तोंड दाखवाया जागा नव्हती. ठेवा रे समद्यांनी आपापल्या पाचरी हितं!"

एकेक जण येऊन ठेवून गेला. बाभळीच्या, बोरीच्या, फणी, चमचा. चौदा भरल्या.

"आता उपाय सांग, निवृत्ती," आबा म्हणाले.

"सोपं हाय," दादा पुढं आले. त्यांचे हात आता जोडलेले नव्हते. "मोटारींना नंबर देऊ. आठला शाळेची घंटा एकदा वाजली की एक नंबर लागंल, दुसऱ्यांदा वाजली की दोन. चौदा ठोक्यांत समद्या लागतील. अट एकच, माणसानं विहिरीवर यायचं."

"आणि घंटा सुट्टीभर आम्ही वाजवू!" धोंडू ओरडला.

सगळे हात वर गेले. यशूच्या बाबांनीही केला, पण त्यांना मत नव्हतं.

"ए पोरी," भागुबाईनं झुंबरच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवून कडाकडा बोटं मोडली, "पुढं तूच हो आमची चेअरमन! म्या आत्ताच मत दिलं समज."

सभेचा चहा विमलाबाईनं केला. चूल पेटवायला तिनं लाकडाच्या पाचरीच घातल्या. विटी तेवढी सावळ्याला परत मिळाली.

सोमवारी सकाळी यशूनं जाता जाता घड्याळ बघून इशारा केला आणि धोंडूनं आठला पहिला ठोका दिला. शिवारात एक मोटार घुमली. दुसरा ठोका, दुसरी मोटार. झुंबर दारात उभी राहून मोजत होती. चौदावी लागली, पाटांतून पाणी सुटलं आणि टेकाडावर सगळं शांत राहिलं.

आत दादा चहाची बशी हातात धरून आरोळीची वाट बघत होते. आरोळी आली नाही. त्यांनी फुंकर मारली, एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि बशी रिकामी झाली तरी कुणी हाक मारली नाही.

"गरम होता गं," ते नवलानं विमलाबाईला म्हणाले. "अजून हाय का?"